केंद्रकाचे अस्तर

दरवर्षी पावसाळ्यात अकरावीची नवी तुकडी आमच्या प्रयोगशाळेत येते आणि गालाच्या आतल्या पेशी पाहण्याचे प्रात्यक्षिक होते. टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलकेच खरवडायचा, ते काचपट्टीवर पसरायचे, मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा, वर कव्हर स्लिप ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. फिकट निळी, कडा दुमडलेली, पापडाच्या तुकड्यासारखी वेडीवाकडी पेशी दिसते आणि तिच्या मध्यभागी गडद निळा, नेटका, लंबगोल ठिपका. पुण्यात वीस वर्षे मी हे प्रात्यक्षिक घेते आहे. त्यात एका मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या मनात कायमचा राहिला: "मॅडम, पेशी एवढी चुरगळलेली आहे, मग आतला ठिपका इतका गोल कसा राहतो?"

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नसते. तिथे केंद्रकाला दुहेरी पटल असते, त्यात छिद्रे असतात आणि आत गुणसूत्रे असतात, एवढे सांगून धडा पुढे जातो. पण पटल ही मेदाची अतिशय पातळ पापुद्र्यासारखी गोष्ट आहे. साबणाच्या फुग्याला जेवढा स्वतःचा आकार, तेवढाच तिला. अशा फुग्यात आपल्या एका पेशीतला जवळजवळ दोन मीटर लांबीचा डीएनए कोंबलेला आहे, आणि तो फुगा असतो जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे शंभर-दोनशे फुगे ओळीने मावतील. बाहेरून पेशीतले तंतू त्याला सतत ओढत असतात. नुसत्या पटलाच्या भरवशावर हा संसार टिकणार नाही. तो टिकतो, कारण पटलाला आतून एक अस्तर लावलेले असते.

अस्तर हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. माझी आई सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शिवणकाम करायची. तलम कापडाचा ब्लाउज आला की ती आधी विचारायची, "अस्तर लावायचं ना?" अस्तर बाहेरून दिसत नाही, पण कापडाला अंग देते, शिवणीवरचा ताण स्वतःवर घेते आणि कापड उसवू देत नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशीत आतल्या केंद्रकपटलाला लागून असलेला प्रथिनांच्या तंतूंचा थर नेमके हेच करतो. त्या थराला लॅमिना म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ पातळ पत्रा. ज्या प्रथिनांचा तो बनतो, त्यांना लॅमिन हे नाव मिळाले.

ही प्रथिने १९७८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लॅरी गेरास आणि ग्युंटर ब्लोबेल यांनी उंदराच्या यकृतातून वेगळी केली. केंद्रके स्वच्छ करून घेतली, डीएनए आणि पटलातला मेद धुऊन टाकला, तरी पोकळ कवचासारखे काहीतरी शिल्लक राहिले, आणि त्यात तीन प्रथिने मोठ्या प्रमाणात सापडली. त्यांना लॅमिन ए, बी आणि सी म्हटले गेले. ब्लोबेल यांना पुढे १९९९ मध्ये प्रथिनाने पेशीत कुठे जायचे हा 'पत्ता' त्याच्यातच कसा लिहिलेला असतो, या वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले, त्यामुळे त्यांचे नाव लॅमिनच्या संदर्भात फारसे घेतले जात नाही. ते घेतले जायला हवे, असे मला वाटते. १९८६ मध्ये लॅमिनची अमिनो आम्लांची साखळी वाचता आली, तेव्हा असे दिसले की आपल्या केसांत आणि नखांत असणाऱ्या केराटिनच्याच कुळातले हे प्रथिन आहे.

या कुळाची खूण म्हणजे पीळ. लॅमिनच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती दोरीच्या पेडांसारख्या गुंफल्या जाऊन सुमारे ५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) लांबीची कांडी तयार होते. कांडीच्या एका टोकाला छोटे डोके आणि दुसऱ्या टोकाला लांब शेपूट असते. एकीच्या डोक्याला दुसरीची शेपूट अशा या कांड्या जुळत जातात, शेजारच्या रांगेशी आडव्याही चिकटतात आणि तंतू बनतो. सस्तन प्राण्यांच्या पेशीत हा तंतू प्रत्यक्षात किती जाड असतो, हे २०१७ मध्ये पेशी गोठवून घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतून कळले: फक्त ३.५ नॅनोमीटर. केराटिनचा तंतू १० नॅनोमीटरचा असतो. म्हणजे या सबंध कुळात सर्वांत बारीक सूत लॅमिनचे आहे आणि काम मात्र सर्वांत मोलाचा ऐवज राखण्याचे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण शिकवताना हमखास घोटाळा होतो. आपण शाळेत कांद्याच्या पापुद्र्यातही केंद्रक पाहतो आणि तेही छान गोल असते. पण वनस्पतींमध्ये लॅमिन नाहीत. त्यांच्या केंद्रकाला वेगळ्या प्रथिनांचे अस्तर असते. यीस्टमध्येही लॅमिन नाहीत. म्हणून या लेखात जे काही लिहिले आहे, ते कांद्याला लावू नये.

माणसाकडे लॅमिनची तीन जनुके आहेत. लॅमिन बी१ आणि बी२ यांची दोन वेगळी, आणि लॅमिन ए व सी या दोघांचे मिळून एक, ज्याला एलएमएनए म्हणतात. एकाच जनुकाचा संदेश दोन तऱ्हांनी कापून जोडला जातो आणि ही दोन प्रथिने तयार होतात. बी गटातली लॅमिन जवळजवळ सर्व पेशींत असतात. त्यांच्या शेपटीला फार्नेसिल नावाचा १५ कार्बनचा तेलकट तुकडा जोडलेला असतो. तो पटलाच्या मेदात रुततो आणि लॅमिन पटलाला कायमचे बिलगून राहते. लॅमिन सी कडे असा तुकडा नसतोच. खरी गंमत लॅमिन ए ची आहे, आणि तिथे मला पुन्हा आईची आठवण होते.

अस्तर पक्के शिवण्याआधी ते जागच्या जागी बसावे म्हणून आई लांब लांब कच्चे टाके घालायची. पक्की शिलाई झाली की ते टाके एकेक करून काढायचे, एकही विसरायचा नाही, कारण राहिलेला कच्चा टाका कापड ओढून धरतो आणि तिथे चुणी पडते. लॅमिन ए तयार होते, तेव्हा ते ६६४ अमिनो आम्लांचे असते. त्याच्या शेपटीला फार्नेसिल जोडला जातो आणि अगदी टोकाची तीन अमिनो आम्ले गळतात. हा कच्चा टाका. त्यानंतर झेडएमपीएसटीई२४ नावाचे विकर आणखी १५ अमिनो आम्लांचा तुकडा फार्नेसिलसकट कापून टाकते, आणि ६४६ अमिनो आम्लांचे पक्के लॅमिन ए मोकळे होऊन आपल्या जागी बसते. कापायचेच असेल तर आधी जोडायचे कशाला, असा प्रश्न मुले विचारतात. हे विकर पटलातच रुतलेले असते, आणि तो तेलकट तुकडा जोडल्याशिवाय त्याला कात्री चालवता येत नाही.

हा एक टाका काढायचा राहिला तर काय होते, याचे उत्तर प्रोजेरिया या आजाराने दिले. तो अतिशय दुर्मीळ आहे. सुमारे ४० लाख जन्मांमागे एखादे मूल, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. मूल जन्मते तेव्हा निरोगी दिसते. पहिल्या दोन वर्षांतच वाढ खुंटू लागते, केस गळतात, त्वचेखालची चरबी विरते, सांधे आखडतात आणि रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक होतात. उपचार न मिळाल्यास सरासरी साडेचौदा वर्षांच्या वयात हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मृत्यू येतो. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत असते, आणि याचे कारण पुढे येणार आहे. जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये या आजाराचे वर्णन केले होते, पण त्याचे मूळ सापडायला २००३ साल उजाडावे लागले.

जे सापडले ते पाहून संशोधकही चकित झाले असणार. एलएमएनए जनुकात १८२४ व्या जागी डीएनएच्या सी या अक्षराऐवजी टी आलेले होते. एवढाच बदल. त्यातही विशेष म्हणजे या बदलाने अमिनो आम्लही बदलत नाही. ६०८ व्या जागी आधीही ग्लायसिन, नंतरही ग्लायसिन. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने हा निरुपद्रवी बदल ठरायला हवा. पण जनुकाचा संदेश कुठे कापायचा याच्या खुणाही त्याच अक्षरांत लिहिलेल्या असतात, आणि या एका अक्षराने चुकीच्या जागी कापण्याची खूण ठळक केली. त्यामुळे संदेशातून १५० अक्षरे आणि प्रथिनातून ५० अमिनो आम्ले उडाली. त्या पन्नासांतच विकराने कात्री चालवायची जागा होती. फार्नेसिल जोडला गेला, तो काढण्याची सोय मात्र गेली. असे अर्धवट राहिलेले प्रथिन म्हणजे प्रोजेरिन. ते पटलाला चिकटून साठत जाते, अस्तर जाड आणि ओबडधोबड होते आणि गोल केंद्रकाला फुगवटे व सुरकुत्या पडतात. आईच्या भाषेत चुण्या.

कारण इतके नेमके कळल्यावर उपायाची दिशाही कळली: टाका काढता येत नसेल, तर तो घालूच द्यायचा नाही. फार्नेसिल जोडणाऱ्या विकराला अडवणारे लोनाफार्निब हे औषध खरे तर कर्करोगासाठी बनवले गेले होते. प्रोजेरियाच्या मुलांवर ते वापरून पाहिले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. त्याने आयुष्यात सरासरी सुमारे अडीच वर्षांची भर पडते. पूर्ण आयुष्याच्या मानाने हे कमी वाटेल, पण साडेचौदा वर्षांच्या सरासरीपुढे अडीच वर्षे ही मोठी गोष्ट आहे. २०२१ च्या सुरुवातीला उंदरांवरचे आणखी एक काम प्रसिद्ध झाले, ज्यात ते चुकलेले अक्षरच जनुकात दुरुस्त केले गेले आणि त्या उंदरांचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढले. माणसापर्यंतचा रस्ता अजून बराच आहे, पण तो दिसू लागला आहे.

प्रोजेरिया सर्वांत प्रसिद्ध झाला असला, तरी एलएमएनए च्या बिघाडांची यादी त्याच्यापाशी संपत नाही. याच जनुकातल्या वेगवेगळ्या बदलांनी एमरी-ड्रायफस हा स्नायूंचा आजार होतो, ज्यात कोपर आणि टाचेचे स्नायू आखडतात आणि हृदयाचे ठोके अडखळल्याने कित्येकांना तरुणपणीच पेसमेकर बसवावा लागतो. हृदय पसरट आणि दुबळे होण्याचा आजार होतो. वयात आल्यावर हातापायांची चरबी नाहीशी होऊन ती चेहऱ्यावर आणि मानेवर साठण्याचा आणि सोबत मधुमेह आणणारा डनिगन प्रकार होतो. काही कुटुंबांत मज्जातंतूंचा आजार होतो. या बाबतीत भारतातही महत्त्वाचे काम झाले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वीणा परनाईक यांच्या गटाने लॅमिन आणि त्याची उत्परिवर्तने, म्हणजे जनुकातले बदल, यांचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि आमच्या पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत लॅमिन आणि गुणसूत्रांच्या जागा यांच्या नात्यावर संशोधन झाले आहे.

अस्तर तर प्रत्येक पेशीत आहे. मग बिघाड कधी स्नायूत, कधी चरबीत, कधी मज्जातंतूत का दिसतो? याची दोन उत्तरे दिली जातात, आणि माझ्या मते दोन्ही खरी आहेत.

पहिले उत्तर ताणाचे. सगळ्या पेशींचे अस्तर सारख्या वजनाचे नसते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने मऊ मेंदूपासून कडक हाडापर्यंत निरनिराळ्या ऊती तपासल्या, तेव्हा ऊती जितकी ताठ, तितके तिच्या पेशींत बी च्या मानाने लॅमिन ए अधिक, असे दिसले. बी लॅमिन केंद्रकाला लवचीकपणा देतात आणि ए त्याला घट्टपणा देते. चेतापेशी तर लॅमिन ए जवळजवळ बनवतच नाहीत, कारण एक सूक्ष्म आरएनए त्याचा संदेश तिथे दाबून टाकतो. म्हणूनच प्रोजेरियाच्या मुलांच्या मेंदूत प्रोजेरिन साठत नाही. उलट हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंतल्या केंद्रकांना आयुष्यभर हिसके बसतात. हे हिसके त्यांच्यापर्यंत थेट पोचतात, कारण आतल्या पटलातली सन प्रथिने आणि बाहेरच्या पटलातली नेस्प्रिन प्रथिने दोन पटलांमधल्या फटीत एकमेकांचे हात धरून असतात. सनचे दुसरे टोक लॅमिनला आणि नेस्प्रिनचे दुसरे टोक पेशीच्या तंतूंना जोडलेले असते. पेशीला बाहेर ओढले की केंद्रकही ओढले जाते. अस्तर दुबळे असेल तर उसवण्याची सुरुवात स्नायूंत होणार, हे ओघानेच आले.

घट्ट अस्तर नेहमी चांगलेच असते, असे मात्र नाही. हे पाहायला आपल्याकडे रक्ताची काचपट्टी आहे. लीशमनचा रंग दिलेला रक्ताचा लेप तेलाच्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहिला, की गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी लगेच ओळखू येते. तिचे केंद्रक जांभळे, तीन ते पाच गाठींचे, बारीक धाग्याने जोडलेल्या मण्यांसारखे असते. या पेशीला जंतूंच्या मागे धावताना रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटींतून अंग चोरून बाहेर पडायचे असते. पेशीचा बाकीचा भाग पाण्यासारखा वाहून पलीकडे जातो, अडकते ते केंद्रक. म्हणून न्यूट्रोफिलमध्ये लॅमिन ए फारच कमी असते आणि पटलातल्या लॅमिन बी रिसेप्टर या प्रथिनाचे प्रमाण भरपूर असते. या रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडली की केंद्रकाला दोनच गाठी पडतात. पेल्गर यांनी १९२८ मध्ये पाहिलेली ही विसंगती आज पेल्गर-ह्यूए या नावाने प्रत्येक रक्ततपासणी तंत्रज्ञाला माहीत असते. अशा माणसाची तब्येत सहसा ठीकच असते. पण त्या एका काचपट्टीवर केंद्रकाचा आकार कोण ठरवते, हे उघड्यावर मांडलेले असते.

दुसरे उत्तर पत्त्यांचे. डीएनए केंद्रकात शेवयांसारखा कसाही भरलेला नसतो. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मानवी पेशीत डीएनएचे कोणते भाग अस्तराला टेकलेले असतात याचा नकाशा काढला आणि तेराशेहून अधिक लांबलचक पट्टे सापडले. त्यांतली बहुतेक जनुके बंद होती. कोणत्या पेशीत कोणती जनुके अस्तरापाशी निजवून ठेवायची, हे त्या त्या पेशीप्रमाणे बदलते. अस्तर बिघडले, की निजलेली काही जनुके जागी होऊ शकतात. चरबीच्या पेशींना स्नायूंसारखे हिसके बसत नाहीत, तरी त्या बिघडतात, यामागे मला हेच कारण अधिक पटते.

डीएनए अस्तराला खरोखरच बांधलेला असतो, याचा सर्वांत सुंदर पुरावा उंदराच्या डोळ्यात आहे. एरवी घट्ट गुंडाळलेला, न वापरातला डीएनए कडेला आणि वापरातला मध्ये, अशी केंद्रकाची मांडणी असते. निशाचर सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातल्या, अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींत ती उलटी होते. घट्ट डीएनए मध्यभागी एका गोळ्यात जमतो, आणि २००९ मधल्या अभ्यासानुसार तो गोळा इवल्याशा भिंगासारखा प्रकाश पुढे पोचवतो. चार वर्षांनी कारणही कळले. या पेशींत लॅमिन ए आणि लॅमिन बी रिसेप्टर हे दोन्ही बांधणारे दोर नसतात. रिसेप्टर मुद्दाम बनवायला लावला, तेव्हा मांडणी उलटी झालीच नाही.

अस्तर सोडून केंद्रकाच्या आतही काही सांगाडा आहे का, यावर मात्र वाद आहे. बेरेझनी आणि कॉफी यांनी १९७४ मध्ये केंद्रकातून डीएनए आणि क्षारात विरघळणारे सर्व काढून टाकल्यावर उरलेल्या जाळ्याला केंद्रक-मॅट्रिक्स म्हटले. ते जाळे जिवंत पेशीत असते की तीव्र क्षारांच्या मिठागरात प्रथिने गोठून तयार होते, ही शंका तेव्हापासून आहे. थोडे लॅमिन ए केंद्रकाच्या आतल्या भागात असते, हे नक्की आहे. सबंध केंद्रकभर पसरलेला सांगाडा मात्र मी वर्गात शिकवत नाही.

पेशी विभागते तेव्हा या अस्तराचे काय होते, हे मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत स्वतः पाहिले आहे. अंधाऱ्या खोलीत, लॅमिनला हिरव्या चमकत्या रंगाने खूण केलेल्या पेशी. प्रत्येक पेशीत एक नाजूक हिरवे कडे, चुड्यासारखे. त्यांच्यात एका पेशीत कडे नव्हतेच. मध्ये गुणसूत्रांची निळी दाट पट्टी, आणि पेशीभर हिरवे धुके. अनंत चतुर्दशीनंतर पेठांमधले मंडप उतरवतात, तेव्हा कळक कोणी तोडत नाही. सुंभाच्या गाठी सोडतात, कळक मोकळे करतात आणि पुढच्या वर्षी त्याच कळकांचा मंडप पुन्हा उभा राहतो. पेशीत गाठी सोडण्याचे काम सीडीके१ हे विकर करते. लॅमिनच्या कांडीच्या दोन्ही टोकांजवळ, २२ व्या आणि ३९२ व्या जागच्या सेरिन या अमिनो आम्लावर ते फॉस्फेट चिकटवते, जोड सुटतात आणि तंतू विरघळल्यासारखे होतात. गुणसूत्रे दोन बाजूंना गेली की फॉस्फेट काढले जातात आणि त्याच लॅमिनपासून दोन नवी कडी तयार होतात.

चेतापेशींचा मंडप मात्र कधी उतरत नाही, कारण त्या विभागतच नाहीत. तो किती जुना होऊ शकतो, याचा अंदाज पटलातल्या छिद्रांवरून येतो. केंद्रकपटलातल्या प्रत्येक छिद्राभोवती सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांची, प्रत्येकाच्या कित्येक प्रती मिळून हजाराच्या आसपास रेणूंची, आठ पाकळ्यांची चौकट असते. २०१२ मध्ये संशोधकांनी उंदरांना जड नायट्रोजन असलेले अन्न देऊन वाढवले, म्हणजे त्यांच्या प्रथिनांवर ती खूण राहिली, मग साधे अन्न सुरू केले आणि मेंदूत जुनी प्रथिने किती काळ टिकतात ते मोजले. बहुतेक प्रथिने काही दिवसांत बदलली गेली होती. छिद्रांच्या चौकटीतली काही प्रथिने वर्ष उलटल्यावरही तीच होती. त्या उंदराचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे असते.